सव्वा महिन्याचं कारण

रीतीरिवाज कुठून आले हे सांगणारे मेसेज हल्ली मोबाइलवर रोज येतात. सांजवेळी केर का काढायचा नाही, तर पूर्वी दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात खाली पडलेली सुई, मणी केराबरोबर बाहेर जात म्हणून. पैंजणाला कारण, अंगण सारवण्याला कारण, उंबऱ्यालासुद्धा कारण. माझी सून असं काही वाचून दाखवते आणि विचारते, "आई, हे खरं असेल का हो?" मी म्हणते, असेल. माझ्यासारख्याच कुणीतरी बसल्याबसल्या जुळवलेलं असेल, हे मात्र तिला सांगत नाही. या अंकाच्या संपादकबाईंनी नोकरीच्या आठवणी मागितल्या तेव्हा ठरवलं की आता सांगून टाकावं.

मी एकतीस वर्षं जिंतूर तालुक्यात उपकेंद्राची नर्स होते. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पलंग, एक वजनकाटा आणि पाच गावं. कागदावर आमचं पद लांबलचक आहे. गावात आम्ही 'शिस्टर', नाहीतर नुसत्या 'बाई'. गरोदर बाईची नोंद करायची, तिला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं, रक्त आणि बीपी बघायचं, बाळंतपण करायचं किंवा वेळेत पुढं पाठवायचं, नंतर घरी जाऊन आई आणि बाळ दोघांना बघायचं, बाळाला लसी टोचायच्या. हे सगळं ट्रेनिंगमध्ये शिकवतात. सासूशी कसं बोलायचं ते कुणी शिकवत नाही, आणि निम्मं काम तर सासूपाशीच अडतं.

सासूला 'असं करू नका' म्हटलं की ती 'बरं' म्हणते आणि आपली पाठ वळली की तेच करते. पहिली दोन वर्षं मी नुसती भांडले. मग एका घरी गंमत झाली. बारशापर्यंत बाळाला नवा कपडा घालायचा नाही, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळायचं, अशी रीत. चिंध्या बघून माझं डोकं उठलं होतं, पण त्या दिवशी भांडायचं त्राण नव्हतं. मी म्हणाले, "बरोबरच आहे तुमचं. नव्या कापडाची खळ बाळाला टोचते. जुनं लुगडं मऊ, म्हणून आपल्या आज्यांनी तसं ठरवलं. पण त्या काय करायच्या, आधी ते लुगडं उकळायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या." आज्या उकळत होत्या की नाही, मला काय ठाऊक? पण त्या घरच्या सासूबाई माझ्याकडं कौतुकानं बघायला लागल्या आणि पाच मिनिटांत पाण्याचं पातेलं चुलीवर चढलं.

माझं हत्यार मला असं सापडलं. त्यांच्या रीतीला नावं ठेवायची नाहीत. तिला एक छानसं कारण द्यायचं, पूर्वीच्या दिवसातलं, पटेल असं, आणि त्या कारणाआडून आपलं काम घरात न्यायचं. कारण खरं की खोटं याची मी फिकीर केली नाही. बाहेरून आलेल्यानं आधी विस्तवापाशी उभं राहायचं आणि मगच बाळाजवळ जायचं, याला मी हात धुणं जोडलं. दृष्ट लागू नये म्हणून बाळाला झाकायचं, याला मी मच्छरदाणी जोडली. माझी पाच गावं लसीकरणात पुढं असायची, आणि त्यात या कारणांचा वाटा मोठा होता, हे आजही थोड्या तोऱ्यात सांगते.

एकदा हे हत्यार माझ्याच अंगावर आलं होतं. बाळंतिणीच्या उशाशी लोखंडाचा विळा ठेवतात. मी सांगितलं की पूर्वी दाई विळ्यानं नाळ कापायची, म्हणून तो हाताशी असायचा. लोखंड अंगाला बळ देतं हे जुन्या लोकांना माहीत होतं. आता सरकार तेच लोखंड गोळ्यांतून देतं. बायकांनी माना डोलावल्या. आठ दिवसांनी घरी गेले तर उशाखाली विळा, त्याच्यावर गोळ्यांचं पाकीट आणि पाकिटाला हळदकुंकू. एकही गोळी पोटात गेलेली नाही. "बाई, तुमी सांगितल्यावानी बराब्बर उशाला ठिवलंय," ती पोरगी म्हणाली. मी हसत सुटले, नर्सबायांच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना हसवलं. खरं तर तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं. मी दिलेल्या कारणातलं लोक काय उचलतील आणि काय टाकून देतील, हे माझ्या हातात नव्हतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

आमच्या भागात बाळंतीण सव्वा महिना वेगळी असते. घरातल्या पाण्याच्या भांड्यांना हात लावायचा नाही, चुलीपाशी जायचं नाही. सव्वा महिना झाला की विहीर पुजायची. काठावर पाच खडे मांडून हळदकुंकू वाहायचं, घुगऱ्या वाटायच्या आणि बाळंतिणीनं पहिली घागर भरून घरी आणायची. त्या दिवसापासून ती पुन्हा घरात आली असं धरतात. तोवर विटाळ.

विटाळ या शब्दाची मला चीड होती. मी बौद्ध. तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला तरी वडील भाकरीवरून उठायचे. का, ते आमच्या लोकांना सांगावं लागत नाही आणि इतरांना सांगून पूर्ण कळत नाही. ज्या गावात माझं उपकेंद्र होतं तिथं तोंडावर कुणी काही बोलत नसे. हाताला गुण आहे म्हणायचे, अडल्यावेळी मलाच बोलवायचे. पण काही घरांत मला चहा यायचा तो कोनाड्यातल्या ठरावीक पेल्यात, आणि पाणी मागितलं की कुणीतरी म्हणायचं, चहाच घ्या की बाई. मी समजायचे आणि कामाला लागायचे.

गयाबाईचं घर त्यांपैकी एक. जमीन बऱ्यापैकी, माणसं कमी. गयाबाई बोलायला फटकळ, कामाला वाघ. तिची सून सुमन, वय असेल एकोणीस-वीस, पहिलटकरीण. दीड दिवस कळा देऊन बाळंत झाली. लेक झाली, चांगली वजनदार. त्या वर्षी गावात नुकताच नळ आला होता, चावडीपाशी. तोवर सगळं गाव जुन्या बारवेतून पाणी शेंदायचं.

बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी सुमनला बघायला गेले तर तिला अंधाऱ्या खोलीत टाकलेलं, बाजेखाली शेगडी, ओठ कोरडे. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, ही आणखी एक रीत. तिनं पाणी मागितलं तर गयाबाई म्हणाली, "माठाला हात लावू नगंस, विटाळ हाय." ती बोलली सुनेला, लागलं मला. दुसऱ्या दिवशी मी उपकेंद्राच्या ओट्यावर बायका जमवल्या आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं कारण रचलं.

मी म्हणाले, "सव्वा महिन्याची रीत कशी पडली ठाऊक आहे का? पूर्वी पाणी बारवेतलं. खोल पायऱ्या, त्यावर शेवाळ, डोक्यावर भरली घागर. बाळंतिणीच्या पायात बळ नाही, तिला घेरी येणार, ती पडणार. म्हणून म्हाताऱ्या बायकांनी ठरवलं की सव्वा महिना बारवेकडं फिरकायचं नाही. पुढं लोक पायऱ्या विसरले आणि विटाळ तेवढा लक्षात राहिला."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. पटलं की बायका अशाच बघतात. मग सखूबाई बोलली. सखूबाई गावची दाई, माझ्याआधी तिनं गावातली निम्मी माणसं आपल्या हातांवर घेतलेली. ती म्हणाली, "बारवत बाळंतीन पडल्याचं मला तर ठावं न्हाई, बाई."

"तुमच्या आधीची गोष्ट आहे, सखूबाई."

"आसंल. पन त्या निमतानं पोरगी पडून तरी ऱ्हाती की."

मला ते विटाळाची बाजू घेतल्यासारखं वाटलं. मी जरा तडकूनच म्हणाले की पडून राहायला विटाळ कशाला लागतो. सखूबाई आणखी काही बोलली असती तरी मी ऐकलं नसतं.

गयाबाई मात्र विचारात पडली होती. "म्हंजी पायऱ्याच्या भ्यावानं सव्वा म्हैना व्हता म्हना की."

"हो."

"आन् विटाळ?"

"तसलं काही नसतं, मावशी. भीतीला लोकांनी विटाळ नाव दिलं."

तिनं पदर नीट केला. "मंग आता नळाला कुठं पायऱ्या हायेत?"

मला काय आनंद झाला होता, आज सांगताना लाज वाटते. मला वाटलं, जिंकले.

बाराव्या दिवशी गयाबाईनं मला मुद्दाम बोलावणं धाडलं. बारशाच्या सकाळी सुमननं नळ पुजला. चावडीपाशी तोटीखाली पाच खडे, हळदकुंकू, घुगऱ्या. बायका हसत होत्या, नळाची पूजा कुणी पाहिली होती? सुमननं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि घरी आली. घागर उतरवताना तिनं क्षणभर दाराची चौकट धरली. ते मी पाहिलं. माझी नजर मात्र गयाबाईकडं होती, कारण तिनं त्याच घागरीतलं पाणी घरच्या तांब्यात घेतलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. "घ्या बाई. आता कशाचा आलाय विटाळ."

त्या घरात मला मिळालेलं ते पहिलं पाणी. मी तांब्या रिकामा केला. बारा दिवसांच्या बाळंतिणीनं डोक्यावरून आणलेलं पाणी होतं ते, हे मला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना हा किस्सा फार आवडला. त्यांनी मासिक मीटिंगमध्ये मला उभं करून सांगायला लावला. टाळ्या पडल्या. इतर नर्सबायांनी तो आपापल्या गावात नेला. वर्षभरात आमच्या बाजूच्या किती गावांत बाराव्याला नळ पुजायला लागले ते मला सांगता येणार नाही, पण ऐकू येत होतं आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटत होतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत सुमन उपकेंद्रात आली. बस म्हटलं तर बसेना. भिंतीला टेकून म्हणाली, "बाई, खाली कायतरी आल्यावानी वाटायलंय."

तपासलं. बाळंतपणात गर्भाशयाला धरून ठेवणारं सगळं सैल पडलेलं असतं. ते पुन्हा आवळायला वेळ द्यावा लागतो. तेवढ्यात जड उचललं, तासन्‌तास वाकून काम केलं, तर पिशवी जागेवरून खाली सरकू शकते. आमच्याकडं त्याला अंग बाहेर येणं म्हणतात. बायका ते कुणाला सांगत नाहीत, पदराआड सोसत राहतात. किती वेळ द्यावा लागतो, ते आमच्या ट्रेनिंगच्या पुस्तकात लिहिलेलं आहे आणि मी ते परीक्षेसाठी घोकलेलं होतं: सहा आठवडे. बोटं मोजून बघा. सव्वा महिना आणि वर थोडे दिवस. मी तो सव्वा महिना मोडला आणि पुस्तकातले सहा आठवडे त्याच्याशेजारी ठेवून बघितले नाहीत. सखूबाईला निरक्षर असून ते उमगलं होतं.

"कधीपासून होतंय हे?" मी विचारलं.

"नळ पुजला त्याच्या दुसऱ्या दिसापसून कंबर भरायली. मंग खुरपनी आली, मंग हे वेचनी." ती सांगत होती, माझ्यावर ठपका ठेवत नव्हती. नळ दर तिसऱ्या दिवशी एकदा यायचा, तेही तासभर. बाकीचं पाणी ती शेतातल्या विहिरीवरून आणत होती.

मी तडक गयाबाईकडं गेले. म्हणाले, मावशी, माझं चुकलं, सव्वा महिना पाळायलाच पाहिजे, अंग आवळायला तेवढे दिवस लागतात. गयाबाईनं मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, घरच्या तांब्यातून.

"बाई, तुमीच म्हनलाव ना, पायऱ्या हुत्या म्हनून व्हता सव्वा म्हैना."

"ते मी असंच म्हणाले होते."

"आसंच कसं म्हनताव तुमी? शिकल्याल्या मान्सानं आसंच म्हनू न्हाई." मग जरा नरमाईनं, "आमी काय बसून खातो का? आमी न्हाई काढले दिस? तिचीच कुडी नाजूक हाय, त्याला तुमी काय करताव."

गयाबाई दुष्ट नव्हती. घरात दोन हात कमी होते, वेचणीला माणूस मिळत नव्हतं, आणि सव्वा महिना सुनेला बसवून ठेवायचं जे एकमेव कारण तिला मान्य होतं ते मीच काढून घेतलं होतं. त्याच्या जागी मी ठेवलेल्या पायऱ्या नळानं संपवल्या. माझ्या माफीला तिच्या घरात ठेवायला जागाच उरली नव्हती.

सुमनला मी परभणीच्या दवाखान्यात घेऊन गेले. पिशवी सावरायला आत रिंग बसवली. ती काही वर्षं पुरली, मग पुरेना. तीस वर्षांची व्हायच्या आत तिची पिशवी काढावी लागली. लेक एकच, ज्योती. दुसरं मूल नाही म्हणून तिला जे ऐकावं लागलं ते मी दर महिन्याच्या फेरीत तिच्या चेहऱ्यावर बघत होते. पुढं गावोगाव मी सांगत फिरले की बाराव्याला नळ पुजू नका. मीटिंगमध्येही उभी राहिले. टाळ्या पडल्या नाहीत. चूक सांगणाऱ्या बाईचं ऐकायला कुणाला उत्साह नसतो.

मी निवृत्त होऊन जिंतूरला राहते. गयाबाई गेली, सखूबाई गेली. गेल्या वर्षी भाद्रपदात सुमनचा फोन आला. ज्योती माहेरी बाळंतपणाला आली होती, मुलगा झाला होता, टाके पडले होते. "बाई, बारशाला या. तुमी पायजेत," एवढंच म्हणाली. गेले.

ज्योतीची सासू वालूरहून आली होती. हसतमुख बाई, हातभर चुडा. पाळण्याचं गाणं झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि मग तिनं हळूच विषय काढला. सोयाबीन काढायला आलंय, माणूस मिळत नाही, माझा हात मोडल्यापासून भाकरी थापता येत नाहीत, ज्योतीला आजच घेऊन जाते. "आन् तुमच्या इकडं तर रीतच हाय की, बाराव्याला नळ पुजायचा. लय जुनी रीत हाय म्हनं. आज पुजा, लगेच निघतो आमी."

लय जुनी रीत. सुमननं माझ्याकडं बघितलं. ज्योती भिंतीला टेकून बाळाला पाजत होती, कुणाकडंच बघत नव्हती.

मी माझं जुनं काम सुरू केलं. म्हणाले, सहा आठवडे विश्रांती लागते, डॉक्टरही तेच सांगतात.

"टाके तर सुकलेत की, बाई."

म्हणाले, जड उचललं तर पुढं त्रास होतो.

"काय जड उचलायचंय? ग्यास हाय, मिक्सर हाय, नळ मोरीत हाय. रानात जा म्हनतंय कोन तिला? लयच झालं तर डब्बा न्यायचा." प्रत्येक कारणाला तिच्याकडं उत्तर होतं, आणि एकही उत्तर उर्मट नव्हतं. तिशीतली मी ओट्यावर बसून बोलत होते तशीच ती बोलत होती. डब्बा न्यायला रानात गेलेली सून तिथं काय काय करते, हे तिला, मला आणि सुमनला सारखंच माहीत होतं.

सुमननं बाळाची दुपटी उचलून पुन्हा तिथंच ठेवली.

मग मी विचारलं, "तुमच्याकडं घट बसतात ना?"

"बसत्यात की. आमच्याकडं लय कडक असतंय."

"पंधरा दिवसांवर घट आलेत आणि तुम्ही सव्वा महिन्याच्या आतली बाळंतीण घरात नेणार? विटाळ होईल."

माझ्या तोंडून आलं ते. नोकरीच्या एकतीस वर्षांत तो शब्द मी मोडण्यासाठीच उच्चारला होता, धाक घालायला कधी नाही. वडील असते तर पुन्हा माझ्याशी बोलले नसते, आणि ते बरोबरच झालं असतं.

विहीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. "आगं बाई, हे तर ध्यानातच आलं न्हाई. देवाचं हाय, तिथं कसं चालंल? राहू द्या, राहू द्या. सव्वा म्हैन्यानंच येते मी न्यायला." कारण विचारलं नाही, नळाचा विषय पुन्हा काढला नाही. पानसुपारी घेतली आणि दुपारच्या गाडीनं त्या गेल्या. ज्योतीनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

संध्याकाळच्या आधी मी निघाले. सुमन फाट्यापर्यंत पोचवायला आली. नको म्हटलं तरी आली. तिला अजून भरभर चालवत नाही. मधे एकदा कंबरेवर हात ठेवून थांबली, मी पण थांबले. लेक सुटली म्हणून ती माझे आभार मानेल असं मला वाटत होतं, आणि ते कसे घ्यावेत हे मी मनात ठरवत होते.

ती म्हणाली, "बाई, माज्या टायमाला हे म्हनला असताव तर."

तिच्या आवाजात राग नव्हता. इतक्या वर्षांत ती त्यावर पहिल्यांदाच बोलली. मी 'हो' म्हणाले. चारठाण्याकडून एसटी येताना दिसली तशी तिनं हात करून ती थांबवली, मला आधी चढू दिलं, आणि खाली उभी राहून म्हणाली, "जपून बसा."